एकच परात

“मॅडम, तुम्ही नका धरू तिचा पाय. सुनंदाताई धरतीन.”

शाळा समितीचे अध्यक्षभाऊ भर वर्गात, सगळ्या आईबापांसमोर म्हणाले. मी जमिनीवर उकिडवी बसलेली. पुढ्यात लाल रंगाची परात. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. एक हात त्यांच्या नातीच्या, परीच्या पायाकडे गेलेला. तो तिथंच थांबला.

पहिलीच्या पहिल्या दिवशी लेकरांच्या पावलांचे ठसे घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. पाय परातीतल्या रंगात बुडवायचा, मग कागदावर दाबायचा. तो कागद वर्षभर वर्गात लावायचा. लेकरू घाबरलेलं असतं, तोल जातो, म्हणून बाईंनी पाय धरायचा.

या दिवसासाठी मी आठवडाभर वर्ग लावत होते. हिंगणघाट तालुक्यातलं लहानसं गाव, उन्हाळाभर बंद असलेली खोली. वटवाघळांची घाण काढली. पालीला भिऊन टेबलावर चढले आणि तिथूनच झाडू मारला. टाटपट्ट्या धुतल्या. फळ्याला काळा रंग दिला, त्यातला अर्धा साडीला. लेकरांचा हात पुरेल इतक्या खाली भिंतीवर मोर काढला. हेडमास्तर म्हणाले, “कोंबडी छान आली.”

भित्री म्हणून माझं घरात नावच आहे. वीज कडाडली की मी स्वयंपाकघरात. साहेबांचा फोन आला की मी उभी राहून बोलते. नवरा म्हणतो, “त्याले तू दिसून नाई राह्यली, बस ना खाली.” तरी मी उभीच.

पण अध्यक्षभाऊंची भीती वेगळी. ते गावातल्या मोठ्या घरचे. मी ज्या जातीची, त्याच जातीची नाल्यापलीकडची वस्ती. वर्षभरात त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. “शुगर आहे जी,” म्हणायचे. झेंडावंदनाचे पेढे मात्र दोन-दोन खायचे. मी हसून सोडून द्यायचे. हसणं मला चांगलं जमतं.

आता हसूही येईना. भाऊंनी पिशवीतून घरचं स्टीलचं ताट काढलं. त्यात कुंकवाचं पाणी ओतलं. गुंडाळून आणलेला कोरा कागद उलगडला.

“हिचं इथं घेऊ. तुमचं तिकडं चालू द्या.”

अंगणवाडीच्या सुनंदाताई माझ्याकडे न बघता पुढे आल्या. त्यांच्या मागे आणखी दोन-तीन आयांनी आपली पोरं हाताला धरून तिकडे ओढली. बघता बघता माझ्या वर्गात दोन रांगा झाल्या. हेडमास्तर वर पंख्याची वायर बघत राहिले. लाइट सकाळपासून नव्हती.

माझ्या परातीत तेव्हा एक पाय होता. नाल्यापलीकडच्या त्रिशाचा. परीच्या आधी तिचा नंबर होता. तिचा ठसा व्हायच्या आधीच मी परीला जवळ घ्यायला हात केला होता, आणि ही पोरगी रंगात पाय घालून, माझा खांदा धरून तशीच उभी होती. तिनं त्या ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“मॅडम, पाय काढू का?”

हळूच विचारलं तिनं. तिची आई दाराशी मान खाली घालून उभी.

मी पहिलीत गेले तेव्हा मास्तरांनी माझी पाटी उंबऱ्यावर ठेवली होती आणि छडीनं माझ्याकडे सरकवली होती. मी ती उचलली. वर “हो जी” म्हणाले. कोणी शिकवलं होतं मला ते? कोणीच नाही. सहा वर्षांच्या पोरीला आपोआप कळलं होतं.

त्रिशालाही कळलं होतं. माझ्या वर्गात. मी धुतलेल्या टाटपट्टीवर.

“नाई काढायचा,” मी म्हणाले. “दाब. जोरानं दाब.”

तिचा पाय कागदावर दाबला. घाईत माझाच हात सरकला, ठसा फरफटला. मग मी उठले. गुडघे कटकन वाजले.

“भाऊ, ते ताट पिशवीत ठेवा. या खोलीत परात एकच राहीन. कागद एकच राहीन. आणि पाय मी धरीन.”

“काऊन? तुमच्या घरची शाळा आहे काय?”

“नाई. तुमच्याही घरची नाई.”

माझ्या तोंडून गेलं हे. माझाच विश्वास बसेना.

भाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ताट खिडकीतून बाहेर ओतलं, पिशवीत ठेवलं. “ठीक आहे. आमचे लेकरं उद्यापासून व्हॅननं हिंगणघाटले जातीन. पट कमी झाला का शाळेले कुलूप. मंग बसजो कोंबड्या काढत.”

मॅडमवरून एकदम ‘बसजो’वर आले.

परीला त्यांनी कडेवर घेतलं. ती रडत होती. “मले लाल पाय पाह्यजे, आबा!” दारापासून फाटकापर्यंत ऐकू येत होतं. त्यांच्यामागे ती दुसरी पोरंही गेली. सुनंदाताई राहिल्या. खाली बसल्या आणि परात माझ्याकडे सरकवली. हातानं.

तो कागद आता मोराशेजारी लावलाय. पहिला ठसा फरफटलेला. खाली रिकामी जागा सोडलीय, जे गेले त्यांच्यासाठी.

व्हॅन रोज सकाळी शाळेसमोरून जाते. हॉर्न वाजला की माझ्या हातातला खडू थांबतो. माझ्या नावानं तक्रार गेलीय. बदली होईल, शाळाही बंद होईल कदाचित. साहेबांचा फोन आला. मी उभं राहूनच घेतला.

“आपसात मिटवून टाका मॅडम. एक ताट वेगळं ठेवलं तर काय बिघडते?”

“नाही ठेवणार, सर.”

भीती गेलेली नाही. ती जाणारही नाही, एवढ्या वर्षांची आहे. पण परी ज्या दिवशी या दारात येईल, त्या दिवशी परात हीच असेल आणि तिचा पाय मीच धरीन. नाही आली, तर ती जागा रिकामी राहील.

दुसरं ताट या खोलीत येणार नाही.