हजेरीतला चौथा नंबर

सोलापूरबाहेरच्या जुन्या दगडखाणीत आम्ही पाच जण रोज सकाळी पोहायचो. पाण्यात अर्धा तास अन् काठावर चहा घेत गप्पा तासभर! किस्से साठणारच की.

*

ग्रामपंचायतीनं खाणीवर बोर्ड लावला, 'पोहण्यास सक्त मनाई'. आमचे लीडर आप्पा, चादरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी बोर्डावर टॉवेल अडकवला अन् म्हणाले, "खुंटीची सोय केली बग. लई उपकार झाले!"

*

एकदा खोली मोजायची टूम निघाली. श्रीनिवासनं घरच्या मागावरचं सुताचं भलं मोठं बंडल आणलं, टोकाला दगड बांधून सोडला. सूत सुटत राहिलं, सुटत राहिलं... "माझं सूत संपलं, खाण नाही संपली!" त्या दिवशी मधोमध कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे गेलो.

*

आप्पांचा नियम एकच. पोहताना ते मधेच "हजेरी!" असं ओरडणार, अन् ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा. आप्पा एक, श्रीनिवास दोन, सलीम तीन, आप्पांचा धाकटा भाऊ नंदू चार, मी पाच. आधीचा नंबर ऐकल्याशिवाय पुढच्यानं तोंड उघडायचं नाही.

नंदूनं एकदा मुद्दाम बुडी मारून सगळ्यांना ताटकळत ठेवलं. वर आल्या आल्या आप्पांनी पाण्यातच कानाखाली वाजवली!

*

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तीननंतर चार आलाच नाही. आम्हाला वाटलं, नंदूची मस्करी. मी तर हसत होतो. त्या हसण्याची अजून लाज वाटते. नंदू दुसऱ्या दिवशी सापडला.

*

महिनाभरानं आप्पांनीच फोन करून पुन्हा बोलावलं. आम्ही किती येडे बघा, गेलो! नंबर मात्र बदलले नाहीत. तीननंतर मी एक श्वास थांबायचो, मग 'पाच' म्हणायचो.

*

परवा सरपंच अर्ज घेऊन आले. खाणीला कुंपण, पोहणं कायमचं बंद. आम्हा सगळ्यांच्या सह्या पाहिजेत म्हणाले. बायको मला म्हणाली, "अहो, चारनंतर पाचच येतो, एवढं लक्षात ठेवा." मी गपगुमान सही केली. श्रीनिवास, सलीमनंही केली. आप्पा काही हटेनात.

*

काल शेवटचं म्हणून उतरलो. ऊन चांगलं वर आलेलं.

"हजेरी! एक!"

"दोन!"

"तीन!"

"पाच!"

काठावर आप्पांनी माझा दंड धरला. "आज थांबला न्हाईस?"

"कशाला थांबू? चार ऐकलं की..." म्हणता म्हणता मी वळून पाण्याकडं बघितलं. श्रीनिवास अन् सलीम माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

आप्पा मटकन खाली बसले अन् लहान पोरासारखे रडायला लागले.

"तुलाबी ऐकू आलं व्हय? मला रोज येतं, बाबा. आता तूच सांग, कुंपण घातल्यावर त्याची हजेरी कोण घेणार?"