सरावाचं गाणं

गल्लीत त्यांना कात्रीकाकू म्हणतात. कपडे शिवतात म्हणून, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं जातं. जिभेचा विषय कोणी काढत नाही. दुसऱ्या मजल्यावर पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत पलंग आणि मध्ये पडदा, असा त्यांचा संसार. बाथरूममध्ये पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मुलाने त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणलं.

"त्या खोल्या आता भाड्याने देऊ," तो म्हणाला. "लिफ्ट नाही. तू चढणार कशी?"

"माझी मी."

"तुझी तू चढलीस तर शब्दही काढणार नाही."

"ऐकलंस ना गं?" काकूंनी सुनेला साक्षीला घेतलं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. पाय उचला, धरा, सोडा. काकूंना त्याचा जीवघेणा कंटाळा. मग त्यांनी टीव्हीवर खेळांचे सिनेमे लावायला सुरुवात केली. कुस्तीचा, पोहण्याचा, मुलींच्या फुटबॉलचा. प्रत्येकात एक गाणं असतंच: हिरो पहाटे उठतो, टायर ओढतो, पडतो, उठतो आणि गाणं संपेपर्यंत तयार होतो. गाणं लागलं की काकू पाय उचलायला लागत.

"सहा महिन्यांची मेहनत एका गाण्यात उरकतात मेले!" म्हणत त्या गाणं मागे नेत. पुन्हा पाय वर. पुन्हा गाणं मागे. सून भाजी चिरताना तेच गुणगुणायला लागली. प्रशिक्षकाचं भाषण आलं की काकू आवाज बंद करत, आणि अंतिम सामना सुरू झाला की टीव्हीच.

"शेवट तरी बघा," सून म्हणे.

"जिंकतो तो. तिथे माझं काय काम?"

"मग एखादा नवीन लावा ना, आई."

"परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी नवीन पुस्तक उघडतं का?"

सगळ्यांत लाडका फुटबॉलचा. त्यातल्या जाड्या गोलकीपरवर त्यांचा जीव. "बगलेत किती घट्ट शिवलाय बघ तिचा शर्ट! हात वर जायचा कसा? तरी अडवते!"

एका शनिवारी मुलाने जेवताना हळूच सांगितलं, की शिकवणी घेणारे एक सर उद्या खोल्या बघायला येणार आहेत.

काकूंचा घास हातातच राहिला. "माझा पाय आत्ता कुठे कामाला लागलाय, आणि तू भाडेकरू आणतोस?"

"मागच्या वेळी रात्रभर फरशीवर पडून होतीस, आई. पुन्हा पडलीस तर?"



"सकाळी मीच ओरडून शेजारीण बोलावली ना?" काकू म्हणाल्या. "उद्या मीही येणार."

दुसऱ्या दिवशी सर आणि मुलगा पुढे, मागे एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने काठी धरून काकू, त्यांच्या मागे सून. पहिला मजला जमला. पुढच्या जिन्याच्या मध्यावर पाय थरथरायला लागला. मुलगा धरायला धावला.

"हात लावलास तर बघ!"

त्या तिथेच पायरीवर बसल्या. मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं ना समाधान? चल, खाली नेतो."

काकूंनी काठी सुनेकडे दिली. पाठ वरच्या बाजूला होतीच. दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकले, धडक्या पायाने रेटा दिला आणि स्वतःला एक पायरी वर उचलून ठेवलं. मग आणखी एक. पहिल्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं.

"आई, काय हे! लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट नाही लावलेलं."

"हा सिनेमा नाहीये!"

"म्हणून तर वेळ लागतोय."

"आणि याला चढणं म्हणत नाहीत."

"कोण म्हणत नाही? पंच कोण आहे इथे?"

सरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. सुनेने सासूच्या चपला उचलल्या आणि ती काठी घेऊन शेजारून, हात न लावता, चढत राहिली. मध्येच काकू थांबत, श्वास घेत, एक शिवी हासडत आणि पुढची पायरी घेत. ती शिवी कोणाला होती ते कोणी विचारलं नाही.

वर पोहोचल्यावर दाराची चौकट धरून त्या उभ्या राहिल्या. मागून कपडे धुळीने माखले होते. कुलूप उघडून त्या थेट मशीनपुढच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"मी... दुसरीकडे बघतो जागा," सर म्हणाले.

"बघा."

सर गेल्यावरही मुलगा उंबऱ्यावरच होता. "चढलीस. मानलं. पण आता उतरणार कशी?"

"उतरायला कोण आलंय?" मशीनवरची धूळ पदराने पुसत काकू म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "संध्याकाळी माझे कपडे आणि औषधं पाठव. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवणारा माणूस घेऊन ये म्हणावं. कुठे बसवायची ते मी दाखवीन."