पेल्यांची उतरंड

भूकंपानंतर लातुरातल्या अनेक घरांत एक रिवाज पडला होता. फळीवर पेल्यांची उतरंड रचायची. जमीन जराशी हलली तरी ती कोसळावी आणि घरच्यांना जाग यावी. यथावकाश इतरांनी तो सोडला. मी मात्र कित्येक वर्षांनंतरही सायंसंध्या आटोपली की सात पेले एकावर एक मांडीत असे.

तोवर शहरात शिकवणीवर्गांचा सुकाळ झाला होता. आमच्या माडीवरच्या खोलीत राहिलेल्या लागोपाठ तीन मुली वैद्यकीयला लागल्या आणि त्या खोलीला तीर्थाची कळा आली. मी प्रत्येक पालकाला समजावी, "अग्नी असला म्हणजे धूर निघतोच असे नाही, लाकूड ओले असावे लागते. न्यायशास्त्रात त्या ओलाव्याला, म्हणजे अशा आड लपलेल्या अटीला, उपाधी म्हणतात. इथे उपाधी म्हणजे मुलींचे कष्ट. खोली नव्हे."

पालक भक्तिभावाने ऐकत आणि विचारीत, "मग खोली कधी रिकामी होते, गुरुजी?"

चौथी मुलगी उमरीची. तिचा प्रवेश थोडक्यात हुकला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती वळकटी बांधूनच खाली आली.

"जाते मी, आजोबा. शिक्षण बस झालं. खोलीनं तिघींना लावलं, मलाच न्हाई. म्हंजे खोट माझ्यातच हाय."

"तीन उदाहरणांवरून नियम बांधू नये, बाळ."

तिने फळीकडे पाहिले. "अन् तुम्ही? एका भूकंपावरून रोज पेले मांडून राहिलात की."

"बरं झालं कुणी बोललं," स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "जेवताना पाणी प्यायला घरात पेला उरत नाही."

वादात माघार घेण्याची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "एकदा घडले ते पुन्हा घडणार नाही, याला प्रमाण काय?"

"अन् एकदा हुकलं ते पुन्हा हुकणारच, याला तरी काय प्रमाण?"

बोलली आणि स्वतःच थबकली. मग वळकटीवर बसून हसू लागली. माझा प्रश्न अनुत्तरितच राहिला, पण तिचा सुटला होता.

"तुम्ही पेले काढा, आजोबा," ती म्हणाली, "मी वळकटी सोडते."

नारायणाचे नाव घेत मी सातही पेले एकेक करून खाली उतरवले.

पुढच्या वर्षी ती लागली. पेढे घेऊन आली, तेव्हा हिमायतनगरच्या एक बाई लेकीसाठी खोली मागत ओसरीवर बसल्या होत्या. "इथं चौघी लागल्या म्हणे, गुरुजी."

मी ओल्या लाकडाचा दृष्टांत सुरू करणार, तोच उमरीच्या मुलीने त्यांच्या हाती पाण्याचा पेला दिला.

"काकू, याच खोलीत एकदा हुकलंबी हाय. तेबी मोजा."