खांद्यावरचे ठिगळ

ही वही कोणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझे अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले. पुढे हातात झाडू आणि फडकाच राहिला.

मी पनवेलच्या एका पोलीस ठाण्यात वीस-बावीस वर्षे झाडलोट केली. तिथले आमचे साहेब आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी नोकरीतल्या आठवणी लिहिल्या आणि त्यातली एक मला पाठवली, कारण तीत मी आहे. ती घटना आजही आठवते, असे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिले आहे. मलाही आठवते. पण साहेबांना ती अर्धीच माहीत आहे. त्यांनी कोणाचे नाव घातले नाही, मीही घालत नाही.

लॉकडाऊनचा दुसरा महिना होता. मी कामोठे गावातल्या चाळीत राहते. माझ्या भिंतीला लागून साताऱ्याकडचे एक जोडपे राहायचे. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाल, ती खारघरला तीन घरची धुणीभांडी करायची. बाजार बंद झाला, सोसायट्यांची गेटे बंद झाली, आणि एका आठवड्यात दोघांचेही काम गेले. गावी त्याची आई एकटी होती. घरात ज्वारी होती. त्याने जाऊन आईला बघावे आणि जमेल तसे धान्य घेऊन यावे असे ठरले. एक ट्रकवाला ताडपत्रीखाली माणसे बसवून नेत होता. तीन हजार मागत होता. ते मी दिले. चाळीत तेव्हा पगार येणारी मी एकटीच होते.

तो दुपारी निघाला. जाताना मला म्हणाला, "आक्का, परत आलो की पहिल्यांदा तुमच्याकडं ज्वारी."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद झाला. चौथ्या दिवशी मी तिला ठाण्यात घेऊन आले. ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद केली. वय अडतीस, रंग सावळा, बांधा मजबूत.

"अंगावर काय होतं?"

"निळा शर्ट. दिवाळीचा. घडी मोडून घातला," ती म्हणाली.

निळा शर्ट, असे रजिस्टरला लिहिले गेले. ट्रक कोणाचा, नंबर काय, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हते.

तेव्हापासून ती रोज सकाळी यायची. लोकांनी लांब लांब बसावे म्हणून ठाण्याच्या आवारात मी चुन्याचे गोल काढले होते. कडुनिंबाखालच्या गोलात ती बसायची. मी इतकी वर्षे ठाण्यात वाट बघणारी माणसे पाहिली. रडणारी थोडी असतात. बाकीची हाताला काहीतरी काम शोधतात. कोणी पदराचे सूत उसवते, कोणी त्याच त्या कागदाच्या घड्या घालते. एक म्हातारी तर कोठडीतल्या मुलासाठी येताना लसूण घेऊन यायची आणि दिवसभर सोलत बसायची. ही मात्र नुसतीच बसायची. मी चहा द्यायचे. ती विचारायची, "काय कळलं का, आक्का?" मी मान हलवायचे.

आठवड्याने खबर लागली. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या पंक्चरवाल्याने आमच्या हवालदाराला सांगितले की एका गाडीत लोखंडी पत्र्याच्या कॉइलच्या वर माणसे चढताना त्याने पाहिली होती. गाडीचा नंबरही त्याच्या लक्षात होता, कारण टायरचे पैसे ड्रायव्हरने बुडवले होते. साहेबांनी ड्रायव्हरला आणले.

"माणसं कुठली साहेब, मी लोखंड नेलं. मालाचं चलन बघा की."

"पंक्चरवाला खोटं बोलतो?"

"त्याचे पैसे द्यायचेत, म्हणून पेटलाय तो."

त्याचा जबाब घेतला आणि त्याला सोडावे लागले. पुरावा काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सातारा रस्त्यावरच्या एका ठाण्याकडून कागद आला. अनोळखी पुरुषाचे प्रेत मिळाले होते, डोंगराच्या कडेला, घाटाखाली. वय अंदाजे पन्नास ते पंचावन्न. खिशात काही नाही. अंगात मळका खाकी शर्ट, उजव्या खांद्यावर ठिगळ. ओळख पटल्यास कळवावे. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून शर्टाचा फोटो छापला होता. हवालदाराने कागद नोटीस बोर्डावर लावला. वय जुळत नव्हते, शर्टाचा रंग जुळत नव्हता. कोणी परत बघितला नाही.

तो बोर्ड पुसणे माझे काम होते. मी फडका घेऊन गेले आणि तिथेच थांबले.

ते ठिगळ नव्हते. ठिगळ कपडा फाटल्यावर लावतात. लोखंड बाजारातले हमाल सळया खांद्यावरून नेतात, कातडे सोलवटते, म्हणून त्यांच्या बायका शर्ट धड असतानाच खांद्यावर जुन्या लुगड्याचे पाच-सहा थर ठेवून गोधडीसारखे टाके घालतात. तसे शर्ट आमच्या चाळीच्या दोरीवर वर्षभर वाळतात, आणि ओझ्याने अडतिशीचा हमालही पन्नाशीचा दिसतो. या फोटोतले लुगडे हिरव्या काठाचे होते. ते नेसून ती माझ्याकडे हळदीकुंकवाला आली होती.

मी बोर्ड पुसला आणि बादली घेऊन पुढे गेले.

का गेले, हे आज सांगता येत नाही असे म्हणणे सोपे आहे. पण सांगता येते. साहेबांसमोर तोंड उघडायची मला लाज वाटायची, हे एक. दुसरे, भाडे मी दिले होते. मी बोलले की तो मेला आणि माझ्या पैशांनी मेला, असे मला वाटले. न बोलता राहिले तर तो वाटेत कुठेतरी होता. सात दिवस मी तो बोर्ड पुसला. सात दिवस तिला चहा दिला आणि मान हलवली.

आठव्या दिवशी ती पिशवी घेऊन आली. गोलात बसून तिने एक जुना शर्ट काढला, सुई ओवली आणि उजव्या खांद्याला टाके घालायला लागली.

"हे काय गं?" मी विचारले.

"बाजार सुरू व्हनार म्हनत्यात. आल्यावर त्यांना लागंल. पहिला शर्ट जुना झालाय."

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले.

"काय मावशी? पगार झाला नाही का?"

"तसा नाय साहेब. बोर्डावर कागद हाय ना, त्यात लिवलाय ते ठिगळ नाय."

हवालदार हसला. "घ्या! आता मावशींनाच चार्ज देऊन टाका, साहेब."

"तुम्ही गप्प बसा," साहेब म्हणाले. त्यांनी कागद मागवला, मला खुर्चीत बसवले आणि सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "कधी पाहिलास हा कागद?"

"आताच. पुसताना," मी म्हटले.

साहेबांनी लिहिले आहे की त्या अशिक्षित बाईने पाहताक्षणी ओळखले.

त्यांनी तिथल्या ठाण्याला फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा हात कपाळावर गेला. प्रेत परवाच्या दिवशी जाळले होते. कागद पाठवून पाच दिवस वाट पाहिली, कोणीच पुढे आले नाही, असे पलीकडचे अंमलदार म्हणाले.

ड्रायव्हरला पुन्हा आणले. साहेब हात उगारत नसत. प्रश्न विचारून ते समोरच्याकडे न बघता डायरी लिहीत बसायचे. त्यांनी एकच विचारले, "त्याचा निळा शर्ट कुठे आहे?"

"कुठला निळा?"

साहेब लिहीत राहिले. मी फरशी पुसत होते. ड्रायव्हरचे पाय एका जागी ठरत नव्हते. पानभर लिहून झाले तेव्हा तो खाली बसला.

"घाटाखाली नाका होता, साहेब. सगळ्यांना उतरवलं. म्हटलं, डोंगराच्या कडेनं वळसा घालून पलीकडं या. ऊन लई होतं. पाच जण आले, ते नाही आले. मी दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा दिला असता तर नाक्यावर ऐकू गेला असता."

तिच्या नवऱ्याची पिशवी ट्रकमध्येच राहिली होती, ती ड्रायव्हरच्या घरी सापडली. फोन त्याने फेकला होता. पिशवीत निळा शर्ट वर्तमानपत्रात घडी घालून ठेवला होता. आईसमोर नीट कपड्यात उभे राहावे म्हणून नवऱ्याने तो काढून ट्रकमध्ये कामाचा शर्ट चढवला होता. ती म्हणाली तो शर्ट खरा होता, आणि त्यानेच सगळ्यांना चुकवले.

ती पिशवी घेऊन साहेब स्वतः बाहेर गेले. गोलासमोर उभे राहून त्यांनी टोपी काढली. तिने पिशवी उघडून शर्ट बघितला.

"मला बघायला मिळंल का त्यांना?"

"नाही ताई. आपल्याला दोन दिवस उशीर झाला."

मी त्यांच्या मागे उभी होते. ती रडली नाही. मांडीवरच्या शर्टाचे राहिलेले चार टाके तिने घातले आणि दाताने दोरा तोडला.

ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला, खटला अजून चालू आहे. साहेबांनी शेवटी लिहिले आहे की तपासात लहान माणसाचे ऐकावे, हे या प्रकरणाने त्यांना शिकवले. बरोबर आहे. पण लहान माणूसही लपवते, हे त्यांच्या लिहिण्यात नाही. मी इतके गुन्हेगार जवळून पाहिले. त्यांना मारझोड झाली की मला वाईट वाटायचे, आणि आपण त्यांच्यातले नाही याचे बरे वाटायचे. ते बरे वाटणे त्या दिवसापासून गेले.

ती गावी गेली नाही. सोसायट्या उघडल्यावर पुन्हा खारघरला जायला लागली, आता पाच घरी. सासूला पैसे पाठवते. माझे पैसेही थोडे थोडे आणून द्यायची. मी किती वेळा म्हटले, ठेव गं. ती ऐकायची नाही. "आक्का, ते त्यांच्या जान्याचं भाडं हाय. ते उधार ऱ्हायलं तर मानूस वाटंतच ऱ्हायल्यासारखं वाटतंय."

गेल्या रविवारी ती शेवटचे पाचशे घेऊन आली. माझ्या हातात नोट ठेवून तिने विचारले, "फिटलं ना, आक्का, समदं? आता माझ्याकडं काय ऱ्हायलं न्हाई ना?"

"नाय गं बाय," मी म्हटले, "तुझ्याकडं काय नाय राहिला."