सूज आहे, पण निचरा होतोय

मूत्रपिंडातून लघवीची नळी निघते तिथेच ती अरुंद असली, की लघवी तुंबून मूत्रपिंड फुगतं. दुर्बिणीतून तेवढा भाग कापून नळी पुन्हा जोडतात. आमच्या डॉक्टरबाईंना वाटलं, हे ऑपरेशन झालेली माणसं आठ-दहा वर्षांनी कशी आहेत ते विचारावं. मी तिथे सिस्टर. टाके काढेपर्यंतची गोष्ट मला ठाऊक, पुढची नाही. म्हणून फोन करायचं काम मी मागून घेतलं.

बहुतेक मजेत होते. न्हावा शेव्याचे एक ट्रेलरवाले म्हणाले, "अरे, वो ऑपरेशन? मैं तो भूल ही गया था!"

पालीजवळच्या एका गावातली बाई मात्र रुग्णालयाचं नाव ऐकताच फोन कापायची. तीनदा झालं. का बरं? माझं माहेर रोह्याला. एका रविवारी तिथूनच तिच्याकडे गेले. ती अंगणात वाल वाळवत होती.

"दुखतं का?"

"न्हाय."

"ताप? लघवीला जळजळ?"

"न्हाय वो."

"मग फोन का कापता, वहिनी?"

ती आत गेली आणि साड्यांखालून एक कागद घेऊन आली. दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी होती. डाव्या मूत्रपिंडाला सूज, असं लिहिलेलं.

"आपरेशन फुकट गेलं ना? परत कापतील म्हनून घरात कोनाला बोलले न्हाय."

दुखत तर काहीच नाही, तरी सूज. यातलं खरं काय मानायचं? मी म्हटलं, "मलाही नक्की सांगता येत नाही. बघूया का?"

"तुमाला पन म्हाईत न्हाय?" असं म्हणून ती पहिल्यांदाच हसली.

पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याला घेऊन आली. शिरेतून औषध देऊन तिला कॅमेऱ्याखाली झोपवलं. पडद्यावर दोन मूत्रपिंडांच्या दोन रेषा चढू लागल्या. औषध लघवीबरोबर खाली गेलं, की त्या उतरतात. उजवी झटकन उतरली. डावी वरच रेंगाळली. लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, तेव्हा तीही हळूहळू खाली आली. डॉक्टरबाईंनी ऑपरेशननंतरचा जुना आलेख काढून शेजारी धरला. दोन्हीत फरक नव्हता.

"ऑपरेशनआधी इतकी वर्षं ताणलेली मूत्रपिंडातली पिशवी पहिल्यासारखी आवळत नाही," त्या तिला म्हणाल्या. "सोनोग्राफीत ती मोठीच दिसणार. पण निचरा नीट होतोय, मूत्रपिंडही चांगलं काम करतंय. कापायचं काही नाही."

"म्हंजे इलास्टिक सैल पडतं तसं?"

"अगदी तसंच!"

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "दोन वर्सं भाताच्या लावनीला वाकत न्हवतीस, ती यापायी व्हय? मला वाटलं, कंबर धरलीय."

"काय सांगू? तुमी सुखानं जेवत व्हता."

तिच्या हातातली फाईल त्याने आपल्याकडे घेतली.

"सिस्टर, यंदा लावनी करू ना?" तिने विचारलं.

मी आत जाऊन डॉक्टरबाईंना विचारून आले. "करा," म्हटलं, "फक्त पाणी भरपूर प्या."