उंदीरमावशी आणि न उचललेले नर

बहिणीची मुलं तिला उंदीरमावशी म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. प्रयोगशाळेत लागल्यापासून तिची प्रत्येक सकाळ उंदरांतच जाई. पाहुण्यांनी कामाबद्दल विचारलं की आई घाईघाईने विषय बदलायची.

काम असं: सूर वाजवायचा, लगेच उंदराच्या पायांना हलका शॉक द्यायचा. मग नुसता सूर ऐकूनही उंदीर जागच्या जागी थिजतो. पुढे तोच सूर शॉकशिवाय पुन्हा पुन्हा ऐकवला की भीती ओसरते. तिचं म्हणणं, मादीची भीती किती ओसरेल हे माजाच्या चक्रावर असतं. त्या चक्रात इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढलेलं असलं तर ‘आता धोका नाही’ हे पक्कं ठसतं, उतरलेलं असलं तर भीती परत येते.

विभागप्रमुख सरांना हे पटत नसे. “माद्यांचं काही खरं नाही हो. आकडे विस्कटतात. नर बरे, सरळ!” हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. यंदा नर-मादीत ठोस फरक दिसला नाही तर माद्यांची खोली बंद, असं त्यांनी बजावलंच होतं. खोली गेली की तिचं सगळं कामच संपलं.

म्हणून रोज सकाळी ती एकेक मादी उचलायची, ड्रॉपरने योनीतल्या पेशींचा नमुना घ्यायची आणि चक्राचा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. चावे खाल्ले, सुट्ट्या बुडवल्या. अखेर निकाल आला: माद्या नरांपेक्षा कितीतरी लवकर सावरत होत्या! सर चक्क हसले.

मग पिंजरा बदलताना तिने एक नर हातात घेतला. तो ताठ झाला, थरथरायला लागला. सूर नाही, शॉकची पेटी नाही. तो तिच्या हातालाच घाबरला होता. तिने कपाळावर हात मारून घेतला. नरांचा नमुना घ्यायचा नसतो, म्हणून त्यांना कधी कुणी उचललंच नव्हतं! उचलायचं ते थेट पेटीत टाकायला. माद्या मात्र रोजच्या हाताला सरावलेल्या, म्हणूनच त्या लवकर सावरल्यासारख्या दिसत होत्या.

गप्प बसली असती तर खोली वाचत होती. स्वतःचा इतका संताप आला की तिला रडूही येईना. तशीच ती सरांकडे गेली.

“नर-मादीची तुलना फेकून द्या, सर. फुकट गेली.” काय घडलं ते तिने सांगितलं.

“मग माद्यांची खोली...”

“थांबा हो जरा! माद्यांची आपसातली तुलना आहे की. त्यांना सगळ्यांना सारखंच उचललंय. इस्ट्रोजेन चढलेल्यांची भीती गेली, उतरलेल्यांची परत आली. तेवढं टिकतंय. विस्कटलेत ते तुमचे सरळ नर.”

सरांनी माद्यांचे आकडे पुन्हा एकदा तपासले. “खोली राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “पण नरांचं काय करायचं?”

“पहिल्यापासून सगळं. रोज सकाळी उचलायचे. मी माद्यांत अडकलेली असते. तुमचे हात मोकळे असतात ना?”

दुसऱ्या दिवशी सर ॲप्रन चढवून आले. पहिल्याच नराने त्यांच्या बाहीवर मुतून ठेवलं.

“हे असं रोज चालतं?” त्यांनी विचारलं.

“इतकी वर्षं चालतंय,” ती म्हणाली आणि तिने पुढची मादी उचलली.