राखाडी झालेल्या अकरा ओळी

आमच्या कंपनीत तिला सगळे चिमणी म्हणतात. आवाजच तेवढा. काम मात्र डोळे फोडणारं: नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचा प्रोग्रॅम घ्यायचा आणि तपासणीसांना वाचता यावा म्हणून त्याचं रंगीत वेबपेज करायचं. आज्ञा निळ्या, आकडे नारिंगी आणि माणसांसाठी लिहिलेल्या टिपा राखाडी. टिपा मशीन वाचत नाही.

मी शेजारच्या टेबलावर, पेट्या रवाना करते. पोरगी कामाची, पण भित्री. तिच्याकडे बघून मलाच धाप लागते. त्यात साहेबांनी बजावलेलं, "पुन्हा रंग चुकला तर घरी बसा." घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि पगार हिचा एकटीचा.

आज अकराला बघते तर ही पांढरीफटक. "मावशी, पुन्हा तेच. मधल्या अकरा ओळी आज्ञा असून राखाडी." बाराला तपासणीस येणार होते.

"अगं, मग हातानं रंगव आणि मोकळी हो! मागच्या महिन्यात नाही का रंगवल्यास?" मी खेकसले.

"तुम्ही म्हणालात म्हणून रंगवल्या. पण दोन्ही वेळा त्याच ओळी कशा चुकतील?"

ती मूळ प्रोग्रॅम वर सरकवत गेली आणि एकदम थांबली. कुणीतरी टीप सुरू केली होती आणि ती संपल्याची खूण टाकायलाच विसरला होता. त्यामुळे पुढची टीप संपल्याची खूण येईपर्यंत सगळी टीपच. रंग बरोबर होता. मशीनही त्या ओळी वाचत नव्हतं.

"काय आहे गं त्यात?"

"पेटी जास्त तापली तर घंटा वाजवायची."

मी रवाना केलेल्या पेट्यांची यादी काढली.

"मावशी, मागच्या महिन्यापासून किती पेट्या गेल्या?"

बावीस. पत्त्यांच्या चिठ्ठ्या मीच चिकटवलेल्या. मी यादीच तिच्यापुढे सरकवली.

साहेब केबिनमधून ओरडले, "पेज झालं का?"

"झालं. राखाडीच आहे, तसंच दाखवा," चिमणी म्हणाली. एवढा मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "मागच्या वेळी मी रंगवून झाकलं."

"झाकायला मी सांगितलं," मी उठून उभी राहिले.

साहेब काय म्हणतात ते ऐकायला ती थांबलीच नाही. यादीतल्या पहिल्या दवाखान्याचा नंबर लावला. स्पीकर लावून फोन मी दोघींमध्ये धरला. तिनं विचारलं, "सिस्टर, आमच्या पेटीत आत्ता बाळ आहे का?"

"आहे ना, दोन दिवसांचं. मघापर्यंत नुसतं रडत होतं. आत्ता कुठं शांत झालंय."

"आधी उचला त्याला!" मी किंचाळले.